कोटाचा उजवा खिसा

मंगळवारी बसस्टॉपवर माझ्या भावाला मारहाण झाली. शुक्रवारी तो गेला.

मग मी दर शनिवारी इथल्या, आयर्लंडमधल्या किलकेनीतल्या, बंदुकांच्या दुकानात जाऊ लागलो. कोटाच्या खिशात लपेल असं पिस्तूल मला निवडायचं होतं. चहा सांडला तरी म्हाताऱ्या दुकानदाराला सगळं ‘ग्रँड’, म्हणजे झकास, असतं. फक्त माझी मागणी नव्हती.

“स्वसंरक्षणासाठी इथे परवाना मिळत नाही, डॉक्टर. कितीदा सांगू?”

एकदा मी चिडलो. त्याने शांतपणे विचारलं, “त्या खिशात आत्ता काय आहे?”

“भावाचा चष्मा.”

“मग जागा कुठे आहे?”

बंदुकीच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने त्याने चष्म्याची निखळलेली काडी बसवली, काचा स्वतःच्या शर्टाने पुसल्या. “ग्रँड.”

पिस्तूल मी पुन्हा मागितलं नाही. चष्मा खिशात आहे. शनिवारी चहाला जातो.