पाचव्या बेअरिंगखालचे चार टन

माझ्या साडूबद्दल चांगलं लिहायचं माझ्या जिवावर येतं. तरी लिहितो, कारण त्याच्याबद्दल खरं काय ते फक्त मला माहीत आहे.

आम्ही दोघे एकाच पुलावर नोकरीला. मी जॅकवाला, म्हणजे पुलाचा गर्डर जॅक लावून बोटभर उचलणाऱ्या टोळीचा मुकादम. तो खांबाजवळच्या पत्र्याच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसून आकडे वाचणारा. गर्डर खांबावर जिथे टेकतो तिथे बेअरिंग असतं, आणि अशा आठ बेअरिंगांखाली वजन मोजणारे आठ सेन्सर आहेत. भूकंपाचा धक्का बसला की कुठे किती ताण आला, ते त्याच्या पडद्यावर दिसतं. ते सेन्सर आत सरकवले आम्ही, कोपरापर्यंत ग्रीसमध्ये हात घालून. पेपरात फोटो आला त्याचा.

माणूस अगदी किरकोळ. बारा महिने सर्दी, गळ्यात मफलर, आणि डबा फडक्याने पुसल्याशिवाय उघडणार नाही. माझ्या टोळीने त्याचं नाव तोळामासा ठेवलं होतं. सासूबाईंच्या लेखी मात्र जावई असावा तर असा. "धाकटे जावई किती शांत," असं त्या नेमकं माझ्याकडे बघून म्हणायच्या. बायकोही बहिणीकडे जाऊन आली की दोन दिवस मला माझ्यात काय कमी आहे ते सांगायची. माझ्या पोटात दुखायचं, हे मी कबूल करतो.

सेन्सर बसवत होतो त्या दिवशी पाचव्यावर मी पाणसळ ठेवली, तर बुडबुडा रेघेच्या बाहेर. तोळामासा वाकून बघत होता. टोळीसमोर हळूच म्हणाला, "भाऊ, पाचवा कललाय वाटतं. खाली एक पातळ पत्रा घालता का?"

त्याचं बरोबर होतं, मला दिसत होतं. पण चार माणसांत त्याने मला शिकवावं? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुम्ही तुमच्या वायरी सांभाळा," मी म्हणालो. तो जेवायला गेला, तेवढ्यात मी पाचव्याला चारी बाजूंनी लोखंडी ठोकळे वेल्ड करून टाकले, वर ग्रीस थापलं आणि गर्डर टेकवला. आता हलव म्हणावं.

पुढे चार वर्षं पाचवा चार टन कमी दाखवत राहिला. साडू त्यात चार टन मिळवून वाचायचा. मला त्याने एका शब्दाने विचारलं नाही. मला वाटलं, घाबरतो मला.

मग एका सकाळी साडेदहाच्या सुमारास जमीन हलली. नियमाप्रमाणे पूल दोन्हीकडून बंद केला. तडा कुठे दिसेना. पडद्यावर पाचवा मात्र एकदम आणखी पंधरा टनांनी उतरलेला. शेजारच्या चौथ्याची आणि सहाव्याची वायर धक्क्यात तुटली होती, त्यामुळे ताळा घ्यायला काही उरलं नव्हतं. पूल उघडायचा की नाही हे ठरवणाऱ्या इंजिनिअरबाईंना साडूने माझ्यासमोर सांगितलं की बेअरिंगखालचा आधार खचलाय, पूल उघडू नका. पण हा दवाखान्याचा रस्ता. दोन्ही टोकांना बसगाड्या माणसांनी भरून उभ्या होत्या.

बाईंनी नोंदवही मागवली आणि पाचव्यासमोरची ओळ मोठ्याने वाचली. "चार टन कमी, बसवताना पातळी नीट तपासली नाही, चूक माझी." खाली साडूची सही, आणि तारीख बसवला त्याच दिवसाची.

बाई साडूला म्हणाल्या, "सेन्सरच वाकडा बसलाय, तर धक्क्याने तोच आणखी कलला असेल. तुमच्या चुकीच्या आकड्यावर मी पूल बंद कसा ठेवू?"

साडूने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पूल उघडू नका, एवढंच पुन्हा म्हणाला. बाईंनी ऐकलं नाही, पाच मिनिटांत उघडा म्हणाल्या.

खोटं कशाला बोलू, मला क्षणभर गार वाटलं. जन्मात पहिल्यांदा तोळामासा तोंडघशी पडत होता, आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. मग पलीकडे बस सुरू झाल्याचा आवाज आला.

"तो कलू शकत नाही," मी म्हणालो. "वाकडा मी बसवलाय, यांनी सांगूनही. आणि कुणी हलवू नये म्हणून चारी बाजूंनी वेल्ड केलाय. चुकीचे असतील तर चारच टन. हे पंधरा खरे आहेत."

गर्डर उचलून बघितलं. पाचव्याखालचं काँक्रीट एका बाजूने चुरा होऊन गेलं होतं. पूल दोन महिने बंद राहिला. माझी मुकादमी गेली, आणि पेपरात पुन्हा फोटो आला साडूचा.

मुकादमी गेली त्याच्या पुढच्या रविवारी सासूबाईंकडे जेवायला गेलो ते मान खाली घालूनच. साडूने सगळ्यांना सांगितलं ते एवढंच, की भाऊंच्या वेल्डिंगमुळे आकडा खरा ठरला. हात धुताना मी मेहुणीला गाठलं आणि विचारलं, सेन्सर बसवले तेव्हा हे घरी माझ्याबद्दल काही बोलले होते का.

"बोलले होते ना," ती म्हणाली. "भाऊ आहेत म्हणून पुलाची काळजी नाही, म्हणाले."

बाहेर आलो तर सासूबाई त्यालाच आग्रह करकरून वाढत होत्या. एकदा तरी त्याने माझी चुगली करायला हवी होती. मला निदान सुखाने जळता आलं असतं.