दारातल्या चार जोड्या

माझा मामा भाडेकरूंना नोटिसा पोचवायचा. वकिलाच्या कचेरीतला साधा कारकून, पण आसपासच्या गल्ल्यांत त्याचं नाव पडलं होतं 'खाली करा'. घरात मात्र अगदी गरीब गाय. मामीचा आवाज चढला की हा चिडीचूप.

कराराबाहेर कुणी राहतंय का, हे ओळखायची त्याची एक रीत होती. आत पाऊल टाकायचं नाही, आपण कोण ते सांगायचं नाही. दारातली पायताणं मोजायची, एक प्रश्न विचारायचा आणि निघायचं. "आत गेलं की चहा येतो, आणि चहा प्यायला की अहवाल लिहवत नाही," म्हणायचा. मला ती हुशारी वाटायची. आता तिचा राग येतो.

तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक बाई राहायची. करार तिच्या एकटीचा. तिने पोटभाडेकरू ठेवलेत, असा घरमालकाला संशय. मामा गेला. दारात एक बायकी चप्पल आणि पुरुषी बुटांचे तीन जोड. बाईने दार चार बोटं उघडलं.

"घरात किती जणं?"

"चौघं. हे आत झोपलेत."

झालं! अहवाल गेला, कराराचा भंग म्हणून महिन्याभरात जागा सोडण्याची नोटीस गेली. बाईचं उत्तर आलं : मी एकटीच राहते, हवं तर येऊन बघा. कागद मामाच्याच टेबलावर आला. त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. समासात त्याने लिहिलं, 'खोटे', आणि कागद फायलीला लावला. बघायला कुणी गेलं नाही.

मुदत संपली तेव्हा किल्ली घ्यायला मामाच गेला आणि पहिल्यांदा उंबरा ओलांडला. एक खाट, एक ताट, एक पेला. शिवणयंत्र गोधडीत बांधलेलं. मामाने तिथूनच वकिलाला फोन लावला. खोली दुसऱ्याला देऊन झाली होती.

"बाई, मग चौघं का म्हणालात?"

"बूट जुन्या बाजारातले आहेत. अनोळखी पुरुष दारात उभा राहून विचारतो, घरात किती जणं. काय सांगायचं, दादा? तुमच्या बहिणीने काय सांगितलं असतं?"

मामाला उत्तर पाठ होतं. माझे वडील गेले त्या वर्षी माझ्या आईला त्यानेच बजावलं होतं, "कुणीही विचारलं तर सांगायचं, हे आत झोपलेत."

तिने किल्ली पुढे केली. मामाला हात पुढे करवेना, तेव्हा तिने ती खिडकीत ठेवली आणि यंत्र उचलायला खाली वाकली.