राखीव नाव

“ते नाव राखीव आहे,” मास्तर म्हणत आणि पंजा असा पुढे करत, जणू समोरचा माणूस ते नाव उचलून पळणारच आहे. सरकारने अक्कलकुव्याकडचं जंगल राखीव केलं, आमच्या मिशन शाळेतल्या मास्तरांनी एक नाव केलं. जंगलात निदान पास काढून तरी शिरता यायचं.

नाव होतं शमुवेल, बायबलातलं, मूळ इब्री म्हणजे हिब्रू. हन्ना नावाच्या बाईला मूल नव्हतं. तिने देवळात रडून रडून मागितलं, देवाने ऐकलं, म्हणून मुलाचं नाव शमुवेल. अर्थ, देवाने ऐकले. हे झालं मास्तरांचं. आमचे गोरे पाद्री साहेब मोठे विद्वान. ते जाड पुस्तक उघडून सांगत, “शब्दाचं मूळ पाहता ‘देवाचे नाव’ असा अर्थ निघतो.”

“हन्नेला विचारलं होतं का साहेब?” मास्तर नम्रपणे म्हणत.

मी तिथे गणित शिकवणारा हिंदू. मला ही करमणूक पगाराखेरीज मिळे.

आसपासच्या ख्रिस्ती घरांतल्या बाळांची नावं मास्तरच सुचवत. नहेम्या, हबक्कूक, मथुशलह. आजीला नाव म्हणता येईपर्यंत पोर रांगायला लागे. ब्राह्मणपुरी गावच्या एका शेतमजुराने शमुवेल मागितलं, त्याला मिळालं हबक्कूक. गडी चिडला आणि घरच्या गोऱ्ह्यालाच शमुवेल म्हणून हाका मारू लागला. कळताच मास्तर भर उन्हात पायी निघाले. मीही गेलो. असा तमाशा कोण सोडतो?

“गोऱ्ह्याला हे नाव?”

“तुम्ही पोऱ्याले देतस नही, मंग गोऱ्हाले ठी दिधं,” तो म्हणाला. “कोनासाठे राखी ठेयेल शे ते?”

मास्तर आल्या पावली परत फिरले. कोणासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरीणबाईंचे केस पांढरे होत आले होते आणि घरात पाळणा नव्हता.

आणि त्या वयात त्यांना दिवस गेले. मास्तरांनी साहेबांना शाळेच्या दारातच गाठलं. “ऐकलं की नाही त्याने?” एवढा तोरा मी सारंगखेड्याच्या जत्रेतल्या घोड्यातही पाहिला नव्हता.

मूल मेलेलंच जन्मलं. मुलगा होता. नाव जिवंत बाळालाच ठेवायचं, असा साहेबांचा नियम; त्यामुळे त्याला मातीही बिननावाचीच मिळाली. विद्वान माणसं अशी वेळेला उपयोगी पडतात.

पुढे एका रविवारी त्या शेतमजुराची बायको धाकट्या बाळाला नाव ठेवायला मिशनच्या देवळात घेऊन आली. तिने काही मागितलं नव्हतं. मास्तरांनी बाळ हातात घेतलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “शमुवेल.”

साहेब अर्थाची वाट पाहत राहिले. मास्तरांनी सांगितला नाही. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. गाणं झालं, प्रार्थना झाली, माणसं उठून बाहेर जायला लागली. मास्तर बाळाला घेऊन तसेच उभे होते.

शेवटी त्या बाईने पदर सावरून दोन्ही हात पुढे केले आणि अगदी हळू म्हणाली, “मास्तर, आते मन्हा पोऱ्या मले द्या.”