हातचं राखून

ऑफिसात त्यांना सगळे वारेकाका म्हणत. उद्या पवनचक्क्यांतून किती वीज येईल ते आज सांगायचं, हे त्यांचं काम. आणि वारा काय, कुणाच्या बापाचं ऐकतो! म्हणून काका कायम हातचं राखून सांगायचे. मनात आठशे मेगावॉट असले की कागदावर साडेसहाशे. वारा कमी पडला तर बोलणी बसत. जास्त आला तर चार चक्क्या बंद ठेवायच्या, विचारतो कोण?

शिफ्टवरची इंजिनिअर मुलगी मोठी चलाख. काकांच्या आकड्यात ती गुपचूप दीडशे मिळवायची आणि तेवढी वीज देणारा कोळशाचा संच थंड ठेवायची; बाकीच्यांच्या शिफ्टला मात्र चक्क्या बंदच राहत. काकांना तिचं ते मिळवणं ठाऊक होतं. पण दोघांनी कधी अवाक्षर काढलं नाही.

एका रविवारी जेवताना मेहुण्यानं टोमणा हाणला. तो पवनचक्क्यांवरच नोकरीला. "भावोजी, एवढा वारा सुटलेला असतो आणि आमच्या चक्क्या ढिम्म उभ्या. तुमची कृपा!" काकांच्या फार जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मनातला आकडा जसाच्या तसा देऊन टाकला. आठशे.

मुलीनं सवयीनं साडेनऊशे धरले. संध्याकाळी वारा आला बरोब्बर आठशेचा! संच काही बटण दाबून लगेच पेटत नाही. शेवटी अर्ध्या शहराची वीज तोडावी लागली.

चौकशीत साहेबांनी काकांची पाठ थोपटली. "अंदाज असावा तर असा!" मग मुलीकडे वळले. "आणि तुम्हाला हो कुणी सांगितलं होतं वाढवायला?"

तिची नोकरी पणाला लागली होती. काकांकडे एकदाच बघून ती म्हणाली, "चूक माझी."  शरमेनं काकांची मान वर होईना.

बाहेर आल्यावर ते पुटपुटले, "अगं, माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेऊन काय सांगू? तुमचा आकडा बरोबर होता म्हणून?" ती काकांकडे वळली. "काका, 'आज खरा आकडा सांगतोय' एवढं तरी मला म्हणायचं होतंत!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. ते तडक साहेबांकडे गेले आणि सगळं भडाभडा ओकले. इतकी वर्षं आकडा कमी सांगत आलो, पोरीला त्याचीच सवय लागली, दोष माझा.

साहेब कौतुकानं हसले. "तिला वाचवायला सांगताय, कळतं हो मला. मन मोठं आहे तुमचं, वारेकाका." आणि त्यांनी मुलीच्या निलंबनावर सही केली.