फरकाचा चौरस

“बाई, तुमचा तास संख्याशास्त्राचा आहे, सुतारकामाचा नाही!”

“सुतारकाम कुठे सर, पुठ्ठाकाम आहे.”

“थट्टा पुरे. ‘फरकाचा वर्ग करा’ एवढं सांगितलं की झालं ना?”

“सांगितलं होतं. एकीनं विचारलं, वर्ग म्हणजे आपला की शेजारचा?”

मुख्याध्यापक हसले नाहीत.

मुली बाईंना पुठ्ठेबाई म्हणतात. बाई शिंप्याची लेक. त्यांची कात्रीही वडिलांचीच. वर्गाच्या सरासरी उंचीपासून जी जितकी दूर, तिनं तितक्या बाजूचा चौरस कापायचा. चार बोटं उंच असलेलीचा आणि चार बोटं बुटकीचा चौरस एकमेकांवर तंतोतंत बसतो, तेव्हा वजाचं चिन्ह कुठे गेलं हे सांगावं लागत नाही. मग सगळ्या चौरसांच्या क्षेत्रफळांची सरासरी काढून तेवढा एकच चौरस कापायचा. त्याची बाजू म्हणजे प्रमाण विचलन. मुली ते बोटानं दाखवतात.

“अभ्यासक्रम मागे पडलाय,” मुख्याध्यापक म्हणाले. “आजपासून सूत्र पाठ करून घ्या, नाहीतर हा वर्ग तुमच्याकडून काढून घेईन. टाकताय ना ते पुठ्ठे?”

घंटा झाली. बाईंनी चौरसांचा गठ्ठा काखोटीला मारला, कात्री उचलली आणि त्या वर्गाकडे चालू लागल्या.