कचरा म्हणून टाकलेलं चक्रीफूल

विमलताईंची आणि माझी पहिली भेट नॉटिंगहॅमला, त्यांच्या लॅबमध्ये, माझ्या इंटरव्ह्यूला झाली. औषधी वनस्पतींच्या मालात तशीच दिसणारी एखादी विषारी वनस्पती मिसळलीय का, ते शोधणं हे ताईंचं आयुष्यभराचं काम. त्यांनी माझ्या तळहातावर एक फळ ठेवलं. "हे काय?"

"चक्रीफूल! आमच्या घरी मसाल्यात घालतात," मी छाती फुगवून म्हणालो.

"दिसतं तसं. पण याचा एक विषारी भाऊ आहे. पोटात गेला की उलट्या, झटके. तपासल्याशिवाय नाव घ्यायचं नाही हं." तरीही त्यांनी मला नोकरी दिली.

ताईंची शिस्त करडी. नमुना पोत्याच्या वरून, मधून, तळातून घ्यायचा आणि भुगासुद्धा सोडायचा नाही. माया मात्र तेवढीच. आमची लेक जन्मली तेव्हा माझ्या आईला व्हिसा मिळाला नाही. ताई रोज लॅब सुटली की बसने डिंकाचे लाडू आणि मऊ भात घेऊन यायच्या. "माझं बाळंतपण ताईंनी केलं," असं बायको आजही सांगते.

अशा बाईंच्या नावाला मी बट्टा लावला आणि आजवर मूग गिळून बसलो. ताईंच्या पंच्याहत्तरीच्या गौरवलेखात असलं लिहावं का? मला तरी दुसरं काही लिहिण्याचा हक्क नाही.

लंडनमधल्या पिनरच्या एका मराठी दुकानदारांनी पोटासाठीच्या हर्बल चहातलं चक्रीफूल तपासायला पाठवलं होतं. आपला माणूस, आपला माल, म्हणून मी निर्धास्त. त्यात हाताला लहानपणापासूनचं वळण. ट्रेमध्ये नमुना पसरला आणि आई तांदूळ निवडायची तसा मी तो निवडायला बसलो! बारकी, वेडीवाकडी, टोकं वळलेली फळं कचरा म्हणून बिनमध्ये टाकली आणि टपोरी तेवढी तपासली. रिपोर्ट अर्थातच स्वच्छ आला. माझ्यावर विसंबून ताईंनी सही केली.

तो चहा पिऊन पिनरच्याच एका काकूंना झटके आले. काही दिवस हॉस्पिटलमध्ये काढून त्या बऱ्या झाल्या, देवाची कृपा. माझी नव्हे.

ताईंनी कपाटातला त्याच मालाचा राखीव नमुना काढला. "सुधीर, यात बारकी फळं आहेत. तुझ्या ट्रेमध्ये का नव्हती?"

"निवडून टाकली, ताई."

त्यांनी टोक वळलेलं एक बारकं फळ माझ्यासमोर धरलं. "अरे देवा! विष त्या कचऱ्यातच होतं रे."

त्याच दिवशी त्यांनी सगळा माल परत मागवायला लावला आणि चूक आपली असल्याचं पत्र दुकानदारांना स्वतःच्या सहीने पाठवलं. माझं नाव त्यात नव्हतं. "सही माझी होती. तुझं मूल लहान आहे," एवढंच म्हणाल्या.

पुढे इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुजबुज सुरू झाली. "ताईंना आता दिसत नाही वाटतं. रिटायर व्हावं त्यांनी." मी तिथेच बटाटेवड्याची प्लेट धरून उभा होतो. ताईही ऐकत होत्या. खरं सांगायच्या जागी मी वडा खात राहिलो. वर्ष संपायच्या आत ताईंनी लॅब सोडली. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते, आणि वाटायलाच हवी.

हा लेख लिहिण्याआधी ताईंना फोन केला. "ताई, खरं लिहू का?"

त्यांनी आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "लिही. इतकी वर्षं वाट बघत होते रे."

म्हणजे त्यांनी मला माफ केलं असेल, पण लागलं त्यांनाही होतं. एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती.

तर मंडळींनो, ताईंची नजर तेव्हाही ठणठणीत होती. चूक माझी होती, आणि समारंभात हेच मी माइकवर सांगणार आहे. पंच्याहत्तरी पार करणाऱ्या विमलताईंना शंभरीपर्यंत धडधाकट आयुष्य लाभो, आणि यापुढे कुणाचीही चूक त्यांना आपल्या नावावर घ्यावी लागू नये.