सगळेच मोताळ्यात

आता काय सांगू तुम्हाला! आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे लोक तुम्ही पाहिले असतील. मी तर धोंडा कंपनीच्या खर्चाने मागवला!

मी कपाशीच्या बियाण्याच्या कंपनीत, फिरतीवर. घर खामगावात, बायकोची नोकरीही तिथंच. मला एकच हवं होतं, खामगावच्या ऑफिसातली खुर्ची.

आमचं ऑनलाइन ट्रेनिंग म्हणजे शिक्षा. बीटी बियाणं, गुलाबी बोंडअळी, चिडलेल्या शेतकऱ्याशी कसं बोलावं... व्हिडिओ चालू करून आम्ही चहाला जायचो. शेवटी कंपनीने एआय आणलं. ते आमचे खरे फोन ऐकणार, माणूस कशाने शांत होतो ते शोधणार आणि त्यावरून धडे तयार करणार.

आमचे गावंडे साहेब म्हणाले, "ज्याचं बोलणं मशीनले पसंत पडलं, त्याले पाहिजे ते गाव!"

मी फोनमधलं रेकॉर्डिंगचं अख्खं फोल्डर पाठवून दिलं. निवडत कोण बसतो?

त्या फोल्डरमध्ये खुद्द साहेबांचेही फोन होते, हे तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं! मी घरी निवांत असलो आणि साहेब फोनवर तापले, की माझं ठरलेलं उत्तर असायचं. "साहेब, मोताळ्याच्या बाजारात आहो. गर्दी लय आहे, आवाज येऊन नाही राह्यला. मंग लावतो!" साहेब गार.

एआयने पाहिलं, चिडलेला माणूस इतक्या लवकर दुसऱ्या कशानेच गप्प होत नाही. झाला धडा तयार! आमच्या लोकांनी पहिल्यांदाच व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. सगळे पैकीच्या पैकी. मी तर आदर्श कर्मचारी, मला ट्रेनिंगच माफ. त्यामुळे आत काय शिकवतात, याचा मला पत्ताच नाही.

साहेब खूश. "इंगळे, खामगावची खुर्ची पुसून ठेवली तुमच्यासाठी!"

मग बोंडं भरायच्या दिवसांत अळी आली. जानेफळच्या सलीमभाई नावाच्या शेतकऱ्याने आमच्या एकाला फोन लावला. तो म्हणे मोताळ्याच्या बाजारात. दुसऱ्याला लावला. तोही तिथंच! मग मला. मी घरी जेवत होतो, सवयीने बोलून गेलो, "भाई, मोताळ्याच्या बाजारात आहो..."

"काय? तुमीबी?"

मला काही उमगलं नाही. सलीमभाईंना मात्र वाटलं, कंपनीची तिथं मोठी सभा असणार. त्यांनी किडलेली बोंडं पिशवीत भरली आणि एवढ्या लांबून मोटरसायकल हाणत मोताळा गाठला. त्या दिवशी बाजारच नव्हता! त्यांनी थेट साहेबांना फोन केला. साहेब जवळच्याच गावात होते, तडक तिथं पोचले.

संध्याकाळी मी घरीच चहा घेत होतो, तोच फोन. "इंगळे, कुठं आहा?"

"साहेब, मोताळ्याच्या बाजारात. गर्दी लय आहे, आवाज..."

"हाव का? मीबी तिथंच उभा आहो, सलीमभाईजवळ. इथं फक्त एक बकरी आहे. तुम्ही काऊन नाही दिसून राह्यले?"



दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे जानेफळच्या शेतात. अळीचे पतंग पकडायचे सापळे लावले, किडकी बोंडं वेचली. बराच कापूस वाचला. सलीमभाई एका शब्दाने रागावले नाहीत, उलट चहा पाजला. इतकी लाज वाटली, की सगळ्यांचे कप मीच धुऊन ठेवले.

साहेबांनी मात्र दिलेला शब्द पाळला. बदली झाली. मोताळ्याला!

परवा खरंच बाजार होता, खरंच गर्दी होती आणि साहेबांचा फोन आला. मी जीव तोडून ओरडलो, "साहेब, मोताळ्याच्या बाजारात आहो! आईच्यान, आवाज येऊन नाही राह्यला!"

"असं का? व्हिडिओ लावा. अन् आधी बकरी दाखवा!"

तेव्हापासून बाजारात पाऊल टाकलं, की मी भाजी नंतर घेतो. आधी बकरी शोधतो.